आठ खांद्यांची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. पण माझ्यावर कोणी सुखाने झोपल्याचे मला आठवत नाही. जो आला तो कण्हतच आला. ताडकळसच्या अलीकडे, ओढ्याला लागून असलेल्या एका लहान गावात मी राहते. पूर्णेचा दवाखाना येथून चार कोसांवर आहे. कोरड्या दिवसांत चार कोस फार नाहीत. पावसाळ्यात मात्र आमच्या काळ्या जमिनीत बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते आणि आजाऱ्याला खांद्यावरूनच न्यावे लागते. त्यासाठीच मला घडवले.

ज्या पावसाळ्याच्या अखेरीस हैदराबाद संस्थान भारतात आले, त्याच पावसाळ्यात आबासाहेबांचा धाकटा भाऊ अर्ध्या वाटेत, चिखलात अडकलेल्या गाडीत गेला. आबासाहेब गावातले सर्वांत मोठे जमीनदार. त्यांनी आपल्या बांधावरची बाभूळ तोडून दिली. चंद्रभान सुताराने तिचे चार खूर आणि चौकट केली, अंबाडीच्या दोरीने मला विणले आणि खालून दोन लांब दांड्या बांधल्या. चार माणसे खांद्यावर काही घेऊन येताना लांबून दिसली की बघणाऱ्याच्या मनात भलतेच येते. म्हणून माझ्या पायथ्याला बैलाची घुंगरमाळ बांधली. घुंगरू वाजले की शेतातल्या माणसाला कळे : बाजेवरचा जीव जिवंत आहे, वाट सोडा.

मला न्यायला आठ माणसे लागत. चौघे उचलणार, चौघे बदलीला. एवढी माणसे ऐन वेळी आणायची कुठून? शाळेचे दिनकरराव गुरुजी मोठे शिस्तीचे. त्यांनी नियम घालून दिला. जे घर हाक आल्यावर खांद्याला माणूस देईल, त्याच घरचा आजारी बाजेवरून जाईल. नावे दरवर्षी संक्रांतीला, देवळाच्या पारावर तिळगूळ वाटताना घ्यायची. पहिल्या वर्षी सव्वीस घरांनी नाव दिले. चंद्रभानने ती सव्वीस नावे माझ्या लाकडावर कोरली. मला त्याचा अभिमान वाटला. नियमात कोणाला खोट दिसली नाही. मलाही दिसली नाही.

पाच पावसाळ्यांत मी बावीस माणसे पूर्णेला पोचवली. सतरा बरी होऊन आपल्या पायांनी घरी आली. पोळ्याला बैलांबरोबर मलाही कुंकू लागू लागले.

मग १९५४ चा भाद्रपद आला. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. मी गुरुजींच्या पडवीत आढ्याला टांगलेली होते. सकाळी सुग्रीव भिजत आला. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला हा तरुण. त्या वस्तीतली सगळी घरे दिवाळी झाली की नगरकडे ऊस तोडायला जात आणि उन्हाळ्यात परतत.

"गुरुजी, बाज पाहिजे. कोकिळा दोन दिस झालं अडलीय. मूल आडवं हाय म्हनायलीय धुरपतामाय."

कोकिळा त्याची बायको. धुरपतामाय म्हणजे गावची सुईण धुरपताबाई.

गुरुजींनी चष्मा पुसला. "सुग्रीव, तुमच्या वस्तीतल्या एकाचंही नाव नाही रे बाजेवर."

"नावं संक्रांतीला घेता तुमी. तवा आमी उसाच्या फडात. तिळगूळ खायाला तिथून चालत येऊ का?"

पडवीत सात-आठ जण जमले होते. एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. सुग्रीवचे म्हणणे सर्वांना कळले होते. नियम करताना त्या वस्तीतला एकही माणूस गावात नव्हता, हे पाच वर्षांत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

"तुझं खरं आहे," गुरुजी म्हणाले. "पण आबासाहेबांच्या आईला तीन दिवस ताप आहे. त्यांचं नाव आहे. बाज तू नेलीस आणि दुपारी त्यांना लागली, तर मी काय सांगू? आणि खांदा न देता बाज मिळते असं दिसलं, तर संक्रांतीला नाव देईल कोण? मग बाज कुणालाच उरणार नाही."

"मी देतो की खांदा! पुढची धा वर्सं देतो!"

"घरात आजार आल्यावर सगळेच द्यायला तयार असतात, सुग्रीव."

मित्रांनो, गुरुजी वाईट माणूस नव्हते. ज्यांनी चिखल तुडवून मला वाहिले, त्यांच्याशी बेइमानी होऊ नये, एवढीच त्यांना काळजी होती. चंद्रभान म्हणाला, बाज सगळ्या गावाची आहे. दुसरा म्हणाला, मग खांदाही सगळ्या गावाने द्यावा. दोघांचेही खरे होते. दोघेही बोलत राहिले आणि मी आढ्यालाच टांगलेली राहिले.

तेवढ्यात धुरपताबाई आल्या. लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"बाज निघाली न्हाई अजून? तिकडं बाई निळी पडायलीय आन् तुमी हितं काय करायलाव?"

"नावाचा प्रश्न आहे, धुरपताबाई," गुरुजी म्हणाले.

"कशाचा?" त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तुमच्या दोन पोरी ह्या हातावर आल्या. चंद्रभान, तुजी तिन्ही. तवा माझ्या कंच्या हातावर तुमची नावं कोरली व्हती, ते दावा मला!"

गुरुजी उठले. त्यांनी स्वतः माझी दोरी सोडली आणि पुढचा उजवा खांदा घेतला. पडवीतल्या घड्याळात सुग्रीव आला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. आम्ही निघालो तेव्हा पावणेनऊ.

पूर्णेला पोचायला दोन वाजले. घुंगरू वाटभर वाजत होते. कोकिळा वाचली. मूल वाचले नाही. मुलगी होती.

गुरुजींनी डॉक्टरांना विचारले, "अर्धा तास आधी आलो असतो तर?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

गुरुजी बाहेर येऊन माझ्या कडेला बसले. माझ्या लाकडावर पहिलेच नाव त्यांचे होते. त्याच्यावर ते बराच वेळ अंगठा घासत राहिले. गावात परतलो तेव्हा समजले, आबासाहेबांच्या आईचा ताप त्याच दुपारी उतरला होता. त्यांना माझी गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी चंद्रभानला रंदा घेऊन बोलावले. सव्वीस नावे भुशात पडली. माझी चौकट थोडी बारीक झाली; खोल खाचा मात्र पुसट उरल्या.

मग नवा नियम कोणता? तो ठरायला अखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, उजाडली, कारण गुरुजींनी हट्ट धरला की वस्तीतली माणसे उसावरून आल्याशिवाय बसायचेच नाही. त्या बैठकीत पारावर भांडणही झाले. शेवटी ठरले ते असे. दरवर्षी अखितीला प्रत्येक घराने मूठभर अंबाडी आणायची, त्या अंबाडीची दोरी वळून मला नव्याने विणायचे आणि पावसाळाभर हाक आली की ज्याला ऐकू येईल त्याने यायचे. अंबाडी नसेल त्याने पीळ घालायला बसायचे. पहिली मूठ कोकिळेने आणली. मूठ ठेवली, धुरपताबाईंच्या शेजारी बसली आणि दोरी वळू लागली.

आबासाहेबांना हे पटले नाही. "ज्याचं त्यानं बघावं," म्हणून त्यांनी चंद्रभानकडून वेगळी बाज करवून घेतली. सागवानी, नवारीची. दिसायला माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर. पुढच्याच श्रावणात त्यांच्या आईला पुन्हा ताप भरला. बाज होती, पण घरात गडी तीनच होते. आबासाहेब दारात उभे राहून सागवानी बाजेकडे पाहत राहिले. शेवटी धुरपताबाईंनी माझी घुंगरमाळ सोडून चौकात नेऊन वाजवली. अकरा माणसे आली. दुसरा खांदा सुग्रीवचा होता.

"मालक, तुमची बाज लय देखनी हाय," तो म्हणाला, "पर तिला पाय चारच हायेत. सोळा पाहिजेत."

आबासाहेब त्या दिवशी बदलीला चिखलातून चालले. पुढच्या अखितीला त्यांच्या घरून मोठी पेंढी आली. मूठच आणायची असते, म्हणून कोकिळेने उरलेली परत पाठवली.

सर्व काही सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. गुरुजींची भीती थोडी खरी ठरली. हाक आली की दोन-तीन घरांना ती कधीच ऐकू येत नसे. तरी आठ खांदे कधी कमी पडले नाहीत.

गेल्या वर्षी मुरमाची सडक झाली. आता एस.टी. फाट्यापर्यंत येते. हे चांगलेच आहे. मला मात्र आता कोणी खांद्यावर घेत नाही. यंदा अखितीला अंबाडी आली नाही. माझ्यावर मिरच्या वाळत घालतात आणि माझी दोरी मधोमध झोळीसारखी लोंबते आहे. फाटा आणि गाव यांच्यामधला ओढा पावसाळ्यात अजून भरतो, हे लोक विसरले आहेत.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मिरच्या खुशाल वाळवा, पण पावसाळ्याच्या आधी माझी दोरी ताणून ठेवा. दारात आजारी माणूस कण्हत असताना दोरी ताणत बसता येत नाही. म्हणून आधीच घराघरांतून अंबाडी आणा. वळताना साऱ्यांच्या मुठी एकत्र करा. मग माझ्यावर कोणीही येवो, त्याचे वजन कोणाच्या धाग्याने पेलले, ते मला सांगता येणार नाही.

आणि माझ्या चौकटीवर पुन्हा काही कोरू नका. हात फिरवला तर जुन्या खाचा अजून बोटांना लागतात. गुरुजी रोज संध्याकाळी तेवढेच करतात.