फारूकभाऊंच्या हातातली उलटी काठी

मित्रांनो, मी एक जुनी हॉकीची काठी आहे. गोड बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या वाट्याला जे आलं ते ऐकलंत, तर तुम्हीही वैतागाल.

चांद्याच्या बाबूभाई सुतारांनी मला तुतीच्या लाकडातून घडवलं. उकळत्या हंड्याच्या वाफेवर माझं टोक वाकवलं, सात दिवस तेल पाजलं आणि फारूकच्या हाती दिलं. काय खेळायचा तो! लोक त्याचं कौतुक करायचे. त्यातलं अर्धं माझं, असं मी धरून चालायचे.

मग १९५२ साली एका सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि खेळ संपला. या गृहस्थाने काय करावं? मला उलटं धरलं. ज्या टोकाने गोल मारले ते मुठीत आणि मूठ मातीत. चालायची काठी केली माझी.

पुढे सिंदेवाहीजवळच्या एका गावात त्याने मासेमारी करणाऱ्या तरण्या पोरांचा संघ बांधला. चेंडू दिसला की अकराही जण त्याच्यावर तुटून पडत. दोन वर्षं नुसते हरले. फारूक कडेला उभा राहून मला जमिनीवर आपटायचा. चुका त्यांच्या आणि मार मला. शेवटी तलावावरचे जाणते सोमाजी म्हणाले, "फारूकभाऊ, यंदा हरले तं पोट्टे खेळाले सोडणार नाई. जाळ्यावर मानसं कमी पडतेत."

त्या वर्षीचा सामना चांद्यात होता. आदल्या दिवशी सरावाच्या मैदानावर चिटपाखरू नाही. त्या दिवशी तलावात मोठं जाळं ओढायचं होतं. जाळ्याला हात लावला नाही तर माशांचा वाटा नाही, ही गावाची रीत. फारूकने ती कधी विचारलीच नव्हती. तणतणत तो तलावावर गेला.

"डोमा, उद्या सामना हाय अन् तू इथी मासे धरून राह्यला?"

संघातला डोमा कमरेइतक्या पाण्यात होता, तो मागे वळलासुद्धा नाही. "थांबा भाऊ. मी जागा सोडली तं जाळं खालून उचलते, मासे पळतेत."

फारूकने पाण्यात नजर टाकली. सगळे एका रांगेत, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. तो बराच वेळ पाहत राहिला. मग मला चिखलात रोवून त्याने जाळ्याची दोरी माझ्या गळ्यात बांधली आणि स्वतः पाण्यात उतरला. तेल पिऊन वाढलेल्या काठीची ही किंमत! मी फुगले ती तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी चांद्यात तो पोरांना एवढंच म्हणाला, "मैदान म्हंजे तलाव समजा. जाळं उचलू देऊ नका."

पोरं जागा धरून खेळली. समोरचे जिथे घुसतील तिथे अडकू लागले. आपला एक गोलही झाला. खेळ संपत आला आणि डोमाची काठी मोडली. दुसरी नव्हती. फारूकने माझ्याकडे पाहिलं. मी गेले तर त्याला उभं राहायला आधार नव्हता. त्याने मला सरळ केलं, डोमाच्या हातात दिलं आणि तो मातीत बसला.

मी म्हटलं, आता दाखवते! पण डोमा चेंडूमागे धावेल तर शपथ. चेंडू माझ्याकडे एकदाच आला, अगदी गोलाच्या तोंडाशी, आणि मी तो नुसता अडवला. तेवढ्यावर आम्ही जिंकलो.

पोरं नाचू लागली. फारूकला उठता येत नाही, हे कोणाच्या लक्षातही नव्हतं. डोमा तेवढा परतला. त्याने मला पुन्हा उलटं केलं आणि माझं टोक फारूकच्या मुठीत दिलं. "उठा भाऊ. सोमाजीले सांगाले जाऊ."

माझ्यावर सगळा भार टाकून फारूक उठला. त्या दिवशी मला उलटं असण्याचा राग आला नाही. खरंच आला नाही.

सोमाजींनी मग पोरं कधी अडवली नाहीत आणि फारूकने पुढे बक्षिसाच्या चार ढाली गावात आणल्या. आता तो नाही. मला हार घालून भिंतीवर टांगलंय आणि हारामागे वाळवी लागली आहे. मित्रांनो, हार नको. मला खाली काढा, तेल लावा, खेळा. आणि घरात कोणाचा गुडघा दुखत असेल, तर मला उलटं करून त्याच्या हातात द्या. मी कुरकुरेन, पण मोडणार नाही.