तबकातल्या वीस गोळ्या

खंडेनवमीला माले गावातल्या आमच्या घरी कोयते, नांगर, ट्रॅक्टर यांच्याबरोबर दोन हत्यारांचीही पूजा होते. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, रिव्हॉल्व्हर आणि माझ्या नवऱ्याचं, शेखरचं, पिस्तूल. दोन्ही परवान्याची, दोन्ही बत्तीस बोअरची. गोळ्या मात्र वेगळ्या: रिव्हॉल्व्हरची लांब, पिस्तुलाची आखूड.

यंदा सासूबाईंनी गोळ्यांच्या दोन्ही डब्या एकाच तबकात ओतल्या आणि वर मूठभर हळदकुंकू. देवाला काय, सगळं सारखंच!

दसऱ्याच्या दुपारी बघते तर आबा रिव्हॉल्व्हर भरून, कमरेला लावून निघालेले. सोनं लुटताना हवेत एक बार काढायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. कायद्याने गुन्हा, पण त्यांना सांगणार कोण? माझी सहा वर्षांची सृष्टी त्यांचं बोट धरून उभी. मला कालचं तबक आठवलं.

"आबा, गोळ्या बघून भरल्यात ना?"

"बत्तीस म्हंजी बत्तीस. चाळीस वर्सं भरतुया मी. आता तू शिकवनार व्हय?"

त्या चाळीस वर्षांत डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, ते नाही सांगायचे. कॉलेजात मी नेमबाजी केली आहे. आखूड गोळी रिव्हॉल्व्हरमध्ये जाते, पण सैल बसते. उडवली तर कवच फुटून जवळच्याच तोंडावर यायचं. पण आबांना हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी दारातच फतकल मारली, तबक मांडीवर घेतलं आणि एकेक गोळी फडक्याने पुसायला लागले.

"ऊठ तितनं. लोक खोळंबल्यात."

"नाही उठणार. दहा-दहा, एकूण वीस होत्या. सहा तुमच्याकडे आहेत."

सासूबाई करवादल्या. करवादू देत. चौदा गोळ्या पुसून झाल्या. लांब पाच. आखूड नऊ.

"आबा, एक आखूड कमी आहे. ती तुमच्या कमरेला आहे."

आबांनी सृष्टीला आत पाठवलं, मोकळ्या परड्याकडे तोंड करून रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं आणि सहाही गोळ्या माझ्या तबकात पाडल्या. पाच लांब. एक नखभर आखूड.

आबा माझ्याशेजारी उंबऱ्यावरच बसले.

"तिला खांद्यावर घिऊन बार काढनार व्हतो," ते म्हणाले.