दोननंतरचा बाप

ड्रायव्हरच्या मुलाला घरात सगळे भोंगा म्हणत. पाळण्यात असताना तो रडायला लागला की शेजारचे खिडक्या लावून घेत, तेव्हापासूनचं हे नाव. सतरा वर्षांचा झाला तरी आवाजात काही फरक पडला नव्हता. आंघोळ करताना गायचा ते जिन्यापर्यंत ऐकू जायचं. त्यामुळे सलग चार दिवस त्याच्या खोलीतून हूं की चूं आलं नाही, तेव्हा ड्रायव्हरला चैन पडेना.

"काय झालंय त्याला?" त्याने बायकोला विचारलं.

ती घरीच कपडे अल्टर करून द्यायची. पँटची शिवण उसवता उसवता ती म्हणाली, "तिनं संबंध तोडले. काल माझ्यापाशी रडला. तुम्ही आपले विनोद करू नका हं."

ती म्हणजे भोंग्याच्या वर्गातली मुलगी. दीड वर्षं दोघांचं जमलेलं होतं आणि ते दोन्ही घरांना ठाऊक होतं. ड्रायव्हरला ती चांगलीच परिचयाची. त्याची सकाळची पाळी असली की ती क्लासला जायला वाचनालयाच्या स्टॉपवर त्याच्याच बसमध्ये चढायची आणि "काका, आज तीन मिनिटं उशीर!" असं ठणकावून त्याच्या मागच्याच सीटवर बसायची.

बायकोने बजावलं होतं, तरी ड्रायव्हरच्या जिभेला हाड कुठलं? मुलाच्या पलंगावर बसून तो म्हणाला, "अरे, एक बस गेली म्हणून कुणी स्टॉपवर आडवं होतं का? मागून दुसरी येतेच की."

भोंगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वळला नाही. "बाबा," तो म्हणाला, "ती बस नव्हती."

ड्रायव्हरने जीभ चावली. गपचूप उठून बाहेर आला. बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेवढं पुरलं.

म्हणूनच रविवारी भोंगा स्वतःहून त्याच्यापाशी आला तेव्हा त्याला हायसं वाटलं. मुलाच्या हातात एक जाडजूड पाकीट होतं.

"उद्यापासून तुमची सकाळची पाळी ना? एवढं तिला द्याल? फोन उचलत नाही ती. एकदाच वाचू दे. मग मी काही म्हणणार नाही."

आधीच तोंड पोळलेलं, त्यात पोराचे डोळे लाल. ड्रायव्हर लगेच हो म्हणाला.

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी त्याने वाचनालयाच्या स्टॉपला बस लावली. मुलगी नव्हती. कठड्याला टेकून उभा होता तो भोंगा. भांग काढलेला, शर्टाला इस्त्री.

"इथे काय करतोयस?" ड्रायव्हरने विचारलं.

"सहज," भोंगा म्हणाला. बापाची नजर त्याने चुकवली.

मागून कुणीतरी "चला हो, उशीर होतोय" म्हणून ओरडलं. दार लावणं भाग होतं.

पुढचा स्टॉप पाण्याच्या टाकीचा. तिथे ती मुलगी चढली. धापा टाकत होती, कपाळावर केस चिकटले होते. ड्रायव्हरकडे न बघता ती थेट शेवटच्या सीटवर जाऊन बसली. मधल्या आरशात तिची फक्त बॅग दिसत होती. बॅग तिने पोटाशी घट्ट धरली होती.

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. ती मात्र पुढे येऊन दारापाशी थांबली. ड्रायव्हरचा हात खिशातल्या पाकिटावर गेला.

"काका, एक सांगू?" ती म्हणाली. "माझा तुमच्यावर राग नाही. त्याच्यावरही नाही आता. पण तो रोज स्टॉपवर येऊन उभा राहतो. बोलत नाही, नुसता बघतो. मी चार दिवस टाकीपर्यंत चालत जातेय. तुम्ही सांगाल त्याला?"

तक्रार केल्यासारखं बोलली असती तर ड्रायव्हरने कदाचित मुलाची बाजू घेतली असती. पण पोर नुसती थकलेली वाटत होती. पाकिटावरचा हात त्याने खाली घेतला.

"सांगतो," तो म्हणाला. "तू उद्या तुझ्याच स्टॉपवर चढ. तिथे कुणी नसेल."

बोलून तर बसला, पण पोराला हे सांगायचं कसं, याचाच विचार तो परतीच्या सगळ्या फेऱ्यांत करत राहिला. दोनला पाळी संपली. घरी येऊन त्याने पाकीट तसंच्या तसं टेबलावर ठेवलं.

"दिलं नाहीत?" भोंग्याचा आवाज एका आठवड्यात पहिल्यांदा चढला.

"नाही दिलं. तिला नकोय रे ते. आणि उद्यापासून तू स्टॉपवर जायचं नाहीस."

"मी काय केलं तिला? नुसता उभा होतो! तुम्ही माझे बाबा आहात की तिचे?"

"जो बसमध्ये चढेल त्याचा मी ड्रायव्हर. तिला माझ्या बसमध्ये चढायची धास्ती वाटत असेल तर मी स्टिअरिंगला हात लावू नये. दोननंतर मात्र फक्त तुझा बाप." ड्रायव्हर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. "तुझ्या मनात वाईट नव्हतं, माहितीये मला. पण तुला चुकवायला ती एक स्टॉप चालत जाते, भोंग्या. आज धापा टाकत चढली."

हे भोंग्याला ठाऊक नव्हतं. तो समजत होता की ती क्लासलाच जात नाही, त्याच्यासारखीच घरात पडून आहे.

"मला घाबरली ती?" त्याने विचारलं, आणि मग त्याला रडू फुटलं. पोटातून, मोठ्याने, अगदी लहानपणासारखं. आतल्या खोलीतलं शिलाईचं मशीन थांबलं. बायको दारात आली, बापाच्या खांद्यावर पोराचं डोकं बघितलं आणि आल्या पावली परत गेली.

बऱ्याच वेळाने भोंगा म्हणाला, "डोक्यातून जातच नाही हो. मी काय करू?"

"जे तिला सांगायचंय ते मला सांग."

"तुम्हाला?"

"माझं बरंय. मला कंटाळून कुठे जाता येत नाही."

भोंगा नाक पुसता पुसता हसला. अर्धंच, पण हसला.

त्या दिवसापासून जेवण झालं की दोघं गॅलरीत बसू लागले. प्रयोगशाळेत तिच्या हातून त्याची परीक्षानळी फुटली आणि तिथून ओळख झाली, ही गोष्ट ड्रायव्हरने किमान अकरा वेळा ऐकली. "जाऊ दे ना आता" हे शब्द रोज ओठांवर यायचे, आणि रोज तो ते गिळायचा. मुलीला नावं ठेवायची नाहीत, अशी बायकोची सक्त ताकीद होती. आणि ठेवायला नाव तरी कुठलं होतं?

पुढेपुढे गोष्ट बदलत गेली. तिसऱ्या आठवड्यात भोंगा म्हणाला, "बाबा, ती मैत्रिणींबरोबर गेली की मी दर दहा मिनिटांनी विचारायचो, कुठे आहेस. उत्तर आलं नाही की चिडायचो. मला वाटायचं, ही काळजी."

"छे रे, तू काही..." असं ड्रायव्हर म्हणणार होता. पण मग तो नुसतं "हं" म्हणाला आणि मुलाला आपलंच बोलणं मनात घोळवू दिलं.

अभ्यासाच्या वेळी फोन आईकडे ठेवायचा, हे भोंग्याने आपणहून ठरवलं. "मी मागितला तरी देऊ नकोस," म्हणाला, आणि पहिल्याच दिवशी दोनदा मागायला आला. आईने तो इतका नीट लपवला होता की संध्याकाळी तिलाच सापडेना. तिघांनी मिळून सगळं घर पालथं घातलं तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात निघाला.

इकडे मुलगी पुन्हा वाचनालयाच्या स्टॉपवर चढू लागली होती. ड्रायव्हरच्या मागे नाही, मधल्या सीटवर बसायची. चढताना मान हलवायची, तोही हलवायचा. घरी यातलं त्याने चकार शब्दाने सांगितलं नाही. भोंग्यानेही कधी विचारलं नाही, आणि याचं ड्रायव्हरला मनातून फार कौतुक वाटलं.

परीक्षा जवळ आली. एका दुपारी भोंगा पुस्तक घेऊन गॅलरीत आला, बापाशेजारी बसला आणि वाचतच राहिला. ड्रायव्हर वाट बघून कंटाळला. शेवटी त्यानेच विचारलं, "काय रे, आज काही नाही?"

"आज सकाळपासून तिची आठवणच नव्हती," भोंगा पान उलटत म्हणाला. "तुम्ही विचारलंत आणि आली."

"अरेरे. चुकलंच माझं."

"असू दे," भोंगा म्हणाला. "आजची एवढी दुखत नाहीये." मग त्याने पुस्तक बापाच्या हातात दिलं. "हा धडा विचारा मला. मधले प्रश्न विचारा, पहिले दोन येतात."

ड्रायव्हरने चष्मा चढवला आणि तिसरा प्रश्न मोठ्याने वाचला.