बाजूने काढलेला फोटो

उर्वशीने स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमधला शेवटचा फोल्डर उघडून पाहिला आणि खुर्चीला पाठ टेकली. अकरा वर्षांची नोकरी, ढाणकी गावातले हजारो चेहरे, आणि त्यात तिच्या स्वतःच्या जुन्या नाकाचा एक धड फोटो सापडू नये. तीन वाजले होते. नांदेडच्या डॉक्टरांनी पाचपर्यंतची मुदत दिली होती.

डॉक्टर गोड बोलणारे नव्हते, पण खरं बोलणारे होते. पहिल्या ऑपरेशनमध्ये नाकातलं नको तेवढं काढलं गेलं होतं. आता बरगडीचा मऊ तुकडा काढून नाक पुन्हा उभं करावं लागणार होतं, आणि तेही एकदाच. तिसऱ्यांदा त्या कातडीला हात लावता येणार नव्हता. त्यांना तिचा जुना फोटो हवा होता, बाजूने काढलेला आणि न सजवलेला. "अंदाजाने नाक बसवायला मी मूर्तिकार नाही," ते म्हणाले होते. फोटो नसेल तर सोमवारची तारीख ते दुसऱ्या पेशंटला देणार होते.

चूक कुणाची म्हणावी? घनश्यामभाऊच्या स्टुडिओत उर्वशीचं काम फोटो काढण्याचं आणि कॉम्प्युटरवर ते साफ करण्याचं. लग्नाच्या बायोडेटाचा फोटो आला की ती रंग दोन बोटं उजळ करायची आणि नाक सुईत ओवता येईल इतकं बारीक करायची. गावातल्या कितीतरी पोरींची लग्नं त्या हातावर जमली होती. मग तिने स्वतःचाही फोटो तसाच केला. पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि मुलाच्या आईने तिच्याकडे बघत शांतपणे विचारलं, "फोटोतली पोरगी आत हाये का?"

ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. दोन वर्षांनी ती तोच फोटो घेऊन एका शहरातल्या डॉक्टरकडे गेली आणि म्हणाली, अस्संच करा. त्यांनी तसंच केलं. पण वर्षानुवर्षं पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या उर्वशीने माणसं समोरूनच पाहिली होती, दोन्ही कान सारखे दिसतील अशी. माणसाला बाजूही असते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. समोरून नाक फोटोबरहुकूम होतं. बाजूने पाहिलं तर मधोमध खड्डा. डावी नाकपुडी तर श्वास घेताना मिटायचीच. वर्षभर ती तोंड उघडं टाकून झोपत होती आणि दचकून जागी होत होती.

डिस्क भरली म्हणून मूळ फोटो पुसायची स्टुडिओत पद्धतच होती. साफ केलेला तेवढा ठेवायचा. घनश्यामभाऊंनीही हात वर केले. उर्वशी चपला पायात सरकवून घरी निघाली.

घरी आई, पंचफुला, भाकरीसाठी परातीत पीठ चाळत होती. लेकीने येताक्षणी लोखंडी पेटी उपसली. शाळेच्या फोटोत ती तिसऱ्या रांगेत होती आणि पुढच्या पोरीच्या रिबिनीने तिचं नाक झाकलं होतं. आधार कार्ड समोरूनच. आतेबहिणीच्या लग्नाचा आल्बम तिने दोनदा चाळला, मग आठवलं की त्या लग्नात कॅमेरा तिच्याच हातात होता. सगळ्यांच्या लग्नात तो तिच्याच हातात असायचा.

सव्वाचार झाले. तिने नांदेडच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी डॉक्टरांना विचारून सांगितलं की स्वतःचा नसेल तर रक्तातल्या कुणाचा चालेल, ज्याच्यासारखं नाक होतं त्याचा.

उर्वशीला एकदम हलकं वाटलं. सारी ढाणकी म्हणायची, पोरीनं भीमराजचं नाक आणलं. बाजार समितीत पोती वाहणारा तिचा बाप चार वर्षांपूर्वी गेला होता. तिने स्टूल ओढलं, भिंतीवरची त्याची तसबीर उतरवली आणि उजेडात धरली.

फोटोत भीमराजच्या अंगात निळा कोट होता, जो त्याने कधी घातला नव्हता. आणि नाक बारीक, सरळ, गुळगुळीत होतं.

तो फोटो तिनेच केला होता, बाप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. एका सत्काराच्या फोटोत तो नारळ घ्यायला बाजूला वळला होता, त्यातून त्याला एकट्याला कापून काढलं, कोट चढवला, आणि हाताने आपल्या सवयीने नाकही उरकून टाकलं. मूळ फोटो पुसला होता, आणि बापाचा बाजूने काढलेला दुसरा फोटो घरात नव्हता. ती तसबीर मांडीवर घेऊन खालीच बसली.

"आई, मी बाबाचं नाक बी साफ केलं वं."

पंचफुलाने चाळणी बाजूला ठेवली. "मले तवाच दिसलं होतं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू रडत रडत करून राह्यली होती. म्हटलं, पोरीनं मायेनं केलं, राहू दे." तिने हाताचं पीठ परातीत झटकलं. "मी त्या तसबिरीकडं पाहतच नाही. मले डोळे मिटले का दिसते ना तो."

उर्वशी रडली, आणि रडताना नाकाने श्वास येईना म्हणून आणखीच रडली. पंचफुलाने तिला जवळ ओढलं नाही. तिने परातीतलं पीठ तळहाताने सपाट केलं आणि त्यात बोट टेकवलं. कपाळापासून रेघ खाली आली, मध्ये चांगली उंच चढली, जरा वाकली, आणि शेवटाला जाड होऊन ओठावर उतरली. बोट एकदाही थांबलं नाही, की कुठे दुरुस्त केलं नाही.

परातीत भीमराज होता, बाजूने. उर्वशीने त्यालाही ओळखलं आणि स्वतःलाही. तिने फोटो घ्यायला मोबाईल उचलला.

"त्याची काय गरज हाये," आई म्हणाली. "डॉक्टरपाशी मीच येतो ना तुह्या संग."

पाचला दहा मिनिटं असताना दवाखान्याचा फोन आला. फोटो मिळाला का, बाई विचारत होत्या.

"नाही मिळाला," उर्वशी म्हणाली. "सोमवारी माझ्यासोबत माझी आई येते आहे. डॉक्टरांना म्हणावं, कागद-पेन्सिल तयार ठेवा, ती माझं जुनं नाक बाजूने रेखून देईल."

पंचफुलाने तोवर पिठात पाणी ओतलं होतं आणि ती मळायला लागली होती.