गुडघ्यावर थांबलेलं डोकं

मित्रांनो, दुखऱ्या सांध्यांना ध्वनिलहरी देणारं मी एक जुनं यंत्र आहे. एक लोखंडी पेटी, एक वायर आणि वायरीच्या टोकाला रुपयाएवढं गुळगुळीत डोकं. पंच्याऐंशी साली मी अमडापूरच्या एका दवाखान्यात आलो. माझ्या लहरी कानाला ऐकू येत नाहीत. कातडीला लागलीच तर जेमतेम ऊब. याच गुणापायी मी बदनाम झालो.

डॉक्टरांची रीत साधी होती. गुडघ्यावर सूज उतरवणारं जेल जाड थापायचं. औषध त्यातच, आणि त्याच्यावाचून माझ्या लहरीही आत शिरत नाहीत. मग डोकं पाच मिनिटं गोल फिरवायचं. थांबवायचं नाही.

कौशल्याबाईंचा वांग्यांचा मळा होता. गुडघा असा सुजला, की वाफ्यात बसता येईना. बसणं जमलं नाही तर मळा दुसऱ्याला वाट्यानं द्यायचा, असं मुलांनी ठरवून टाकलं होतं. तीन दिवस मी फिरलो आणि गुडघा थोडा वाकू लागला.

चौथ्या दिवशी डॉक्टर खामगावला गेले. कंपाउंडर रंगराव मला फिरवत होता. कौशल्याबाई कुरकुरल्या. त्यांच्या घरी दुखण्यावर बिब्बा लावत. कातडी पोळली की गुण आला म्हणत.

"नुसतं गोंजारून राह्यला बे. लागून तं काहीच नाही राह्यलं. ठेव एका जागी."

रंगरावाला सगळं ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्या बाईची भीड पडली. त्यानं मला थांबवलं, वर बटणही वाढवलं. एकाच जागी पडणाऱ्या लहरींनी आतलं हाड तापत गेलं. बाईंच्या कपाळावर घाम फुटला. लागते काय, असं त्यानं विचारलं.

"लागू दे," त्या दात आवळून म्हणाल्या. "आता कुठं औषध पोचलं."

दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा झाला. मशीनच बिघडली, असं रंगरावानं डॉक्टरांना बेधडक सांगितलं. मला कपाटात कोंडलं. खोट्याला तोंड असतं, मला नव्हतं.

आठवड्यानं कौशल्याबाई काठी टेकत आल्या. डॉक्टर मला कंपनीकडे परत धाडायचं पत्र लिहीत होते; मशीन बिघडल्याचं त्यांनी बाईंना सांगितलं.

"मशीनले काऊन नावं ठेवता? म्याच थांबवाले लावलं. पोळत व्हतं, तरी गप्प बसली."

रंगरावानं मला कपाटातून बाहेर काढलं. डॉक्टरांनी पत्र फाडलं.

सूज उतरायला महिना गेला. मग पुन्हा जेल, पुन्हा माझं फिरणं. बाई वाफ्यात बसल्या, पण लाकडी पाटावर, एक पाय लांब करून. गुडघा पहिल्यासारखा काही झाला नाही. मळा मात्र त्यांच्याच हाती राहिला.

आता माझी वायर तुटली आहे, अंगावर धूळ आहे. त्याची तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच ऐका. उपचार घेताना चटका सोसणं ही मर्दुमकी नाही, मूर्खपणा आहे. पोळलं तर तिथल्या तिथं बोला. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.