‘जाते’ म्हणू नये

“कर्तव्य सांगणारं क्रियापद हा इंग्रजीचा कणा आहे, आणि कणा कधी गिळायचा नसतो,” निवृत्त इंग्रजी शिक्षक गिरिधर सरांनी परतूरच्या आपल्या ओसरीवरून जाहीर केलं. समोरच्या अख्ख्या वर्गाने, म्हणजे शेजारच्या चतुराबाईंनी, लसूण सोलता सोलता विचारलं, “मंग काय, चोखायचा का?”

सरांनी उभी हयात ‘आय हॅव गॉट टू गो’ हे शब्द खांबांसारखे वेगवेगळे उभे करून शिकवले होते. कोणत्याही दोन खांबांमधून बैलगाडी आरामात गेली असती.

चतुराबाईंना मात्र एवढं एकच वाक्य हवं होतं. मुलगा कल्याण अमेरिकेत होता. दर शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा, तेव्हा तिकडे सकाळ. नात अर्पिता पडद्यावर यायची, आजी तोंड उघडायची, तोच ‘गॉटा गो’, म्हणजे जायलाच हवं, म्हणून पोरगी पोहायला पळायची. चतुराबाईंना तिला एकदा तरी थांबवायचं होतं.

“यात ‘हॅव’ कुठंय? ‘टू’ कुठंय?” सर कळवळले. “पोरीनं सगळं खाल्लं.”

“खाऊ द्या की. आपण तरी ‘गेली होती’ म्हणतो का? ‘गेल्ती’ म्हणतो. परवा वैनीपाशी तुमीच ‘बाजारात गेल्तो’ करून राह्यले होते.”

सरांनी घाईने विषय बदलला. ‘गेल्तो’ म्हणणाऱ्या पोरांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यात कल्याणही होता.

चतुराबाईंचा ‘गॉटा’ पहिल्याच घासाला उतरला. सरांचा दर वेळी ‘टू’पाशी अडकायचा. पुढे चतुराबाई अडल्या त्या ‘गो’पाशी.

“हे मी बिलकुल म्हणणार न्हाई.”

“का?”

“दारातून निघताना ‘जाते’ म्हणू नै, सर. ‘येते’ म्हणावं. कल्याण विमानाला निघाला तवा घाईत ‘जातो’ म्हणाला. आला का अजून?”

सरांनी लसणाची एक पाकळी उचलून सोलायला घेतली.

“मंग ‘येते’ला काय म्हणायचं?”

“कम,” सर म्हणाले, आणि कुणी ऐकलं नाही ना, म्हणून रस्त्याकडे बघून घेतलं.

फोन वाजला. चतुराबाईंनी तो तांब्याला टेकवून ठेवला. अर्पिताच्या डोक्यावर पोहायची टोपी होती.

“हाय आजी, आय गॉटा गो…”

“नो गो,” चतुराबाई म्हणाल्या. “आय गॉटा कम. म्हण.”

पोरगी थांबली. खरोखरच थांबली. “कम वेअर, आजी?”

“हिकडं. परतूरला.”

अर्पिता खिदळली. ‘आय गॉटा कम परतूर’ असं गाणं करून तिने ते खुर्चीभोवती नाचत म्हटलं, मग बापाला ओढून पडद्यात आणलं. “आता तू म्हण,” तिने हुकूम सोडला.

कल्याणने हातातली गाडीची किल्ली खाली ठेवली.

“येतो, आई.”

“नुसतं म्हणायला?”

“न्हाई. दिवाळीला.”

फोन बंद झाला तरी चतुराबाई तांब्याकडेच बघत होत्या. भाषा, माणूस आणि उंबरठा यांविषयी एक अजरामर वाक्य सरांच्या ओठांवर आलं. ते उभे राहिले.

“चतुराबाई, आज इंग्रजी भाषेनं…”

शेजारी कुकरची शिटी झाली. चतुराबाई सोललेला लसूण पदरात घेऊन उठल्या.

“सर, तेवढी टरफलं झाडून टाका. आय गॉटा कम.”