पाव्हण्यांकडे पाठ कैसी करू

संचालकांची काठी वर उठलेली होती आणि कोणीच वाजवत नव्हते. सभागृहातले पंखे तेवढे आपापल्या पट्टीत कुरकुरत होते.

मित्रांनो, मी एक जुना डबल बास आहे. व्हायोलिनच्या कुळातला सर्वांत थोरला आणि सर्वांत जाडा. माझा जन्म समुद्रापलीकडचा. तंजावरच्या दरबारी बँडसाठी मला आणले, आणि दरबार विरून गेल्यावर एका मराठी घराण्यासोबत मी कुंभकोणमला आलो. अडगळीच्या वर्षांत माझ्या पोटात उंदरांच्या पिढ्या नांदल्या. डोके तुटले तेव्हा वीणा घडवणाऱ्या कारागिराने त्या जागी फणसाच्या लाकडाची याळी बसवली. देवळाच्या खांबावर असते तशी, सिंहमुखी. तेव्हापासून नवखे लोक मला नमस्कार करतात.

मला लावण्या वाजवते. दिवसा ती औषधे विकते. तिचे मामा पांडुरंगराव आमचे संचालक. त्यांचे पितळी समयांचे दुकान आहे. आमच्या वाद्यवृंदात वाद्यावर पोट भरणारे कोणीच नाही, आणि अडचण नेमकी हीच होती.

अनुदान समितीचे पाहुणे सुरेंद्र त्या दिवशी ऐकायला आले होते. काही देशांत वादकांना सरकार पगार देते, कोठे नगरपालिका, तर कोठे देणग्या आणि तिकिटे; तालमीचेही पैसे मिळतात, असे त्यांनी कॉफी पिताना सांगितले. तालमीचे पैसे हे शब्द ऐकून ट्रम्पेटवाल्या शेषाद्रींच्या नाकात कॉफी गेली. मात्र समितीचे अनुदान पगारी वादकांच्या वृंदालाच होते. पगार देण्यासाठीच तर अनुदान हवे, असे पांडुरंगराव नम्रपणे म्हणाले. आधी ऐकू, असे पाहुणे म्हणाले.

अनुदान हुकले तर वृंद मोडणार होता, आणि मी एका लग्नाच्या हॉलच्या दारात गळ्यात हार घालून उभा राहणार होतो. हॉलचे मालक मणी माझे माप घेऊन गेले होते.

आजवर आमच्या नुसत्या तालमीच झाल्या होत्या; समोर श्रोते नसत, म्हणून पांडुरंगराव आमच्याकडे तोंड करून उभे राहत. आज समोर पाहुणे होते. ते पाहुण्यांकडे वळले, काठी उचलली, आणि आम्हांला दिसली फक्त त्यांची जरीकाठी अंगवस्त्राची पाठ.

“मामा, इकडे वळा. काठी दिसत नाही,” लावण्या कुजबुजली.

“पाव्हण्यांकडे पाठ कैसी करू?” ते ओठ न हलवता म्हणाले. “घरची रीत आहे.”

शांतता जुन्या तुपासारखी थिजत गेली. पाहुण्यांना वाटले, काठी आपल्यालाच उठायला सांगते आहे. ते संकोचून उठून उभे राहिले. तेव्हा लावण्याने डोळे मिटून माझ्या जाड तारेवर गज ओढला. माझ्या पोटातून काळोखासारखा खोल स्वर उठला आणि अवघा वृंद त्याच्यामागे चालू लागला. मित्रांनो, इतके एकजीव आम्ही कधीच वाजवले नव्हते. पांडुरंगराव शेवटपर्यंत पाहुण्यांनाच ताल देत होते, आणि पाहुणे इमानाने मान डोलावत होते.

संगीत थांबले. पांडुरंगराव घाम पुसत पुढे झाले.

“सार, मग आम्हांला अनुदान?”

सुरेंद्रांनी एकदा माझ्या याळीकडे पाहिले, कॉफीचा पेला खाली ठेवला आणि ते दाराकडे वळले.

मित्रांनो, वाद्याची धूळ पुसाच. पण ते वाजवणाऱ्यांचीही कधी विचारपूस करा. कारण त्या दिवशी आम्हांला दिसत होती फक्त दूर जाणारी एक पाठ. आणि पाठ दिसली की सुरू करायचे, एवढे तर आम्ही नुकतेच शिकलो होतो. लावण्याने गज उचलला.